खिडकीतल्या पोस्टरबद्दल

हर्णै, २४ मार्च

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन ठेवला आणि रात्री बराच वेळ डोळ्याला डोळा लागला नाही. तिकडे कॅनडात, न्यूफाउंडलंडला तू राहतेस त्या घरच्या बाई चार दिवस तुझ्याशी बोलल्या नाहीत, आणि कारण काय, तर सीलच्या शिकारीविरुद्ध तू खिडकीला लावलेलं सीलच्या पिल्लाचं पोस्टर. "आई, माझं चुकलं का गं?" असं विचारलंस. फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

विरोध करण्यात तुझं काही चुकलेलं नाही. कातड्याच्या व्यापारासाठी बर्फावर पिल्लं मारायची, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. चुकलं आहे ते पोस्टर.

तुझ्या चित्रातलं पिल्लू पांढरंशुभ्र आहे. धंद्यासाठी तसं पिल्लू मारायला कॅनडात १९८७ पासून बंदी आहे. म्हणजे इतक्या वर्षांपूर्वी जे थांबलं, तेच तू बाईंच्या खिडकीत टांगलंस. त्यांना आधी राग आला असेल तो याचा. या हार्प जातीच्या सीलची मादी फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चमध्ये तरंगत्या बर्फावर विते आणि जेमतेम बारा दिवस पाजते. दूध इतकं दाट की त्यात जवळजवळ निम्मी चरबी. पिल्लू दिवसाला दोन-दोन किलो अंग धरतं. मग एक दिवस ती पाण्यात उतरते ती परत येत नाही. पिल्लू तिथेच उपाशी पडून राहतं, अंगातल्या चरबीवर दिवस काढतं. पांढरी लव झडते, खालून राखाडी, ठिपक्यांची येते. पोहायला शिकताना ते पाण्यावर नुसतं आपटत राहतं, म्हणून तुमच्याकडचे लोक त्याला 'बीटर' म्हणतात, हे तूच मला सांगितलंस. पांढरी लव गेली की कायद्याचं छत्र गेलं. धंद्यात मारली जातात ती बहुतेक हीच, तीन महिन्यांच्या आतली. रंग बदलला म्हणून ते काही मोठं झालेलं नसतं, मुक्ता. ते राखाडी पिल्लू लाव खिडकीला. लोकांचे डोळे लगेच पाणावणार नाहीत, पण चित्र खरं असेल आणि त्यावर बाईंशी समोरासमोर बोलता येईल.

मारण्याचे नियम आहेत, हे त्यांचं म्हणणंही खरं आहे. आधी डोक्यात घाव किंवा गोळी, मग कवटी चाचपून खात्री, मग रक्त काढायचं. पण मी होडीवर वाढलेली बाई आहे. खालची होडी हलते, समोरचा बर्फ हलतो, वारा कापत असतो, हंगाम थोड्या दिवसांचा आणि शेजारच्या होडीआधी आपली भरायची घाई. अशा ठिकाणी प्रत्येक घाव नेमका बसेल, असं कुणी शपथेवर सांगितलं तरी माझा विश्वास बसणार नाही.

लोकांनी आवाज उठवला नसता तर हे नियमही आले नसते. १९६४ मध्ये कॅनडाच्या टीव्हीवर त्या शिकारीची फिल्म दाखवली गेली आणि लोक हादरले. ब्रायन डेव्हिस यांनी १९६९ मध्ये आयफॉ ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था काढली ती यासाठीच. १९७७ मध्ये फ्रेंच नटी ब्रिजित बार्दो बर्फावर जाऊन आली, त्याची छायाचित्रं जगभर गेली. १९८३ मध्ये युरोपने पांढऱ्या पिल्लांच्या कातड्यांची आयात बंद केली. तरी २००६ मध्ये कॅनडात सव्वातीन लाख सील मारायची परवानगी होती. मग २००९ मध्ये युरोपच्या संसदेत ५५० विरुद्ध ४९ मतांनी सगळ्याच सीलच्या मालाला दार बंद झालं. कॅनडा आणि नॉर्वे जागतिक व्यापार संघटनेत गेले. २०१४ च्या निकालाने मला फार बरं वाटलं होतं: लोकांच्या नीतीच्या भावनेला धक्का बसतो, एवढ्या कारणासाठीही एखाद्या वस्तूला बाजार नाकारता येतो. व्यापाराच्या कायद्यात माणसांच्या कळवळ्याला जागा मिळाली.

पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती. उत्तरेच्या बर्फाळ मुलखातले मूळचे रहिवासी, म्हणजे इन्युइट लोक, यांच्यासाठी युरोपच्या बंदीत ठेवलेली सवलत नीट राबवली जात नाही, असंही त्यात म्हटलं होतं. आणि इथे मात्र विरोध करणाऱ्या आपल्या बाजूची मान खाली जायला हवी. इन्युइट सील मारतात, त्याचं मांस घरात खातात, वाटतात, आणि कातडी विकून बंदुकीची काडतुसं आणि पेट्रोल घेतात. १९८३ च्या बंदीत त्यांना सूट होती. पण बाजार कोसळला तो सगळ्यांसाठी एकदमच कोसळला; गिऱ्हाईक कातडं कुणी आणलं ते विचारत बसत नाही. गावंच्या गावं हातातोंडाच्या गाठीवर आली. सीलच्या शिकारीविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या ग्रीनपीस संस्थेने त्यांची माफी मागितली ती २०१४ मध्ये, तीसएक वर्षांनी.

आपल्या देशानेही २०१८ मध्ये सीलच्या कातड्याची आयात बंद केली. मला आनंद झाला होता. पण विचार कर, इथे हर्णैत सीलचं कातडं कुणी पाहिलं आहे? आपल्या घरातला एक रुपया गेला नाही. ज्यांचा गेला, त्यांची नावंही मला ठाऊक नव्हती.

बाईंच्या वडिलांचं कॉड मासे धरायचं काम २ जुलै १९९२ ला एका दिवसात बंद झालं, असं तू म्हणालीस. त्या बंदीने तीस हजारांवर माणसांचं काम गेलं. कॉड सीलने खाल्ला, असं बाई म्हणतात. मला वाटतं, तो मोठ्या ट्रॉलरांनी उपसून नेला आणि बघणाऱ्यांनी वेळेवर बघितलं नाही. पण सगळं गेलेल्या माणसाला दोष द्यायला समोर दिसणारं काहीतरी लागतं. आपल्या बंदरात एलईडी दिव्यांनी मासे ओढणाऱ्या बोटींनी मासळी नेली की छोटे होडीवाले एकमेकांवरच ओरडतात, तसंच हे. आणि त्यांच्या मनात १९१४ आहे, ते विसरू नकोस. 'न्यूफाउंडलंड' जहाजाची माणसं सीलमागे बर्फावर उतरली, वादळात दोन रात्री अडकली, ७८ जण गोठून मेले. कुणाचा आजा, कुणाचा पणजा. तुझ्या पोस्टरवर त्यांना 'खुनी' हाच शब्द दिसतो.

आजोबांबद्दल तुला कधी सांगितलं नव्हतं. ते लहानपणी पुळणीवरून कासवाची अंडी उकरून आणायचे. मीही खाल्ली आहेत. पुढे कुणी शहरातल्या माणसाने त्यांना सगळ्यांसमोर पापी म्हटलं. ते त्या माणसाचं कधीच ऐकणार नव्हते. मग वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी काम सुरू केलं, गावकऱ्यांनाच घरटी राखायला सोबत घेतलं. आजोबा एकदा माझ्याबरोबर तिथे आले. पिल्लं पाण्याकडे निघालेली बघितली, आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर आमच्या पुळणीवर कुणी घरटं उकरताना दिसलं, की काठी घेऊन जाणारे तेच होते.

तू मला सही करायला पाठवलेला शिकारीविरुद्धचा अर्ज मी वाचला. त्यात इन्युइटांच्या शिकारीला विरोध नाही, असं एक वाक्य आहे. ते नसतं तर मी सही केली नसती. आता केली आहे, पूर्ण नावानिशी, खाली 'हर्णै, ता. दापोली' लिहून. ज्या घरांचा एप्रिलचा, शिकारीच्या हंगामाचा पैसा बुडेल त्यांना सरकारने परवाने विकत घेऊन भरपाई द्यावी, ही मागणी तुमच्या गटाने वर उचलून धरावी, एवढं माझं मागणं आहे. अर्जात ती सगळ्यात शेवटी आहे.

सही करण्याआधी मी मामाला वाचून दाखवलं. त्याचं जाळं शिवायचं चाललं होतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आपल्याला पावसाळ्यात एकसष्ट दिवस बंदी असते, तेव्हा घरात सुकट असते, भात असतो. सील नाही मारले तर एप्रिलमध्ये त्या लोकांच्या घरात काय असतं?"

मला उत्तर देता आलं नाही. बाई बोलायला लागल्या, की त्यांना विचारून कळव.

तुझी,
आई