रेंज नीट बघ आणि मगच मेंबरशिप घे

प्रिय पिल्लू,

फोनवर तू म्हणालीस की क्लबवाले वर्षाची फी एकदम भरली तर डिस्काउंट देतायत आणि रविवारच्या आत कळवा म्हणतात. ऐकून मला आनंद झाला गं, खरंच झाला, रायफल शूटिंग करायचं तुझ्या मनात आलं यापेक्षा मला काय हवंय. पण वर्षाचे पैसे आत्ता भरू नकोस. आधी तीन महिन्यांची मेंबरशिप घे. डिस्काउंट गेला तर जाऊ दे, कारण आपल्याला रोज जाता येतं का, तिथे लेन, म्हणजे नेम मारायला उभं राहायची जागा, मिळते का, शिकवणारं माणूस कसं आहे, हे सगळं तीन महिन्यांत कळतं.

दादा शिकत होता तेव्हा कोल्हापुरात दुधाळीच्या शूटिंग रेंजवर मी मागे बाकड्यावर बसून किती संध्याकाळी काढल्या ते तुला माहितीये. त्यामुळे रेंज चांगली की वाईट हे मला आता आत पाय टाकल्या टाकल्या समजतं. तू सगळ्यात आधी बंदुकांकडे नाही, माणसांकडे बघ. कुणी लेनवरून मागे वळलं तर रायफलचं तोंड कुठे असतं? रायफल टेबलावर ठेवली की त्यात सेफ्टी फ्लॅग घातलेला असतो का, ती रंगीत बारीक दोरीसारखी असते ना, नळीत आरपार, चेंबर रिकामं आहे हे लांबून दिसावं म्हणून. आणि पुढे टार्गेट बदलायला कुणी जात असेल तर सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवून हात मागे घेतलेत का, की एखादा तेव्हाही नेम धरून बघत बसलाय. असा एक जरी दिसला आणि कोच काही बोलला नाही तर तिथून सरळ बाहेर ये, एसी आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेट कितीही भारी असू देत.

इलेक्ट्रॉनिक टार्गेट असलेली बरी हे मात्र खरं. 10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, म्हणजे बॉलपेनने नुसतं टेकवलेलं टिंब, आणि छर्रा 4.5 मिलिमीटरचा. कागदावर 10.2 की 10.6 ते नुसत्या डोळ्याला काय कळणार, आणि आता मॅचमध्ये एअर रायफलचा स्कोअर दशांशातच धरतात. तरी सुरुवातीला कागदाचं टार्गेट असलं तरी काही बिघडत नाही, भोकं एका जागी येतायत का एवढंच तर बघायचंय, ग्रुपिंग जमलं की स्कोअर मागून येतो. त्यापेक्षा लेन किती आहेत आणि संध्याकाळच्या बॅचला पोरं किती ते विचार. दहा लेन आणि चाळीस पोरं असतील तर तुझा अर्धा वेळ बसण्यात जाणार. मॅचला 60 शॉट आणि 75 मिनिटं असतात, 2018 च्या आधी मुलींना 40 च होते, आता मुलंमुली सारखेच, मग तेवढा वेळ उभं राहायची सवय लेन मिळाल्याशिवाय कशी होईल सांग.

मेंबरशिपमध्ये काय काय येतं ते लिहून घे, तोंडी नको. बरेचदा रेंजची फी वेगळी, कोचिंगची वेगळी, रायफलचं भाडं वेगळं आणि छर्रे तर आपलेच, मग महिनाअखेरीला आकडा बघून धक्का बसतो. रायफलीच्या सिलिंडरमध्ये हवा भरायची सोय आहे का तेही विचार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्लब जिल्हा किंवा राज्य रायफल असोसिएशनशी जोडलेला आहे का, कारण पुढे राज्याच्या स्पर्धेत उतरायचं म्हटलं की एंट्री त्या वाटेनेच जाते. नुसतं हौसेला जायचं असेल तर फरक पडत नाही, पण तुझा स्वभाव मला माहितीये, सहा महिन्यांत तू स्पर्धेचं विचारणार.

स्वतःची रायफल आत्ता नको म्हणजे नकोच. 10 मीटरच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, .22 ला, म्हणजे खऱ्या गोळीच्या रायफलीला, लागतो, म्हणून लोकांना वाटतं घेऊन टाकू. पण चांगली जर्मन मॅच रायफल लाखांत जाते आणि तुझी उभी राहायची ढब अजून बसलेली नाही, बट (खांद्याला टेकतो तो भाग) आणि चीकपीस (गाल टेकतो तो) कुठे हवं हे तुलाच सांगता येणार नाही. क्लबच्या रायफलीवर शिक. कुणी सेकंडहँड गळ्यात मारायला लागलं तर सिलिंडरवरची तारीख बघ, दहा वर्षांवरचा असेल तर हात लावू नकोस, आत 200 बारची हवा असते.

पहिले काही आठवडे कोच नुसती रिकामी रायफल धरायला लावेल, ट्रिगर दाबायला लावेल, छर्राच देणार नाही. कंटाळू नकोस बाळा. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकायला लागतं, वजन हाडांवर यायला लागतं, दंडावर नाही, आणि हे अंगात मुरायला वेळ लागतो. जो कोच पहिल्याच दिवशी पन्नास छर्रे उडवायला देतो तो फक्त खूश करतोय तुला.

आपल्या कोल्हापूरच्या पोरापोरींनी काय करून दाखवलंय बघ ना. तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाली, राही सरनोबतने 2018 च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तूलचं गोल्ड आणलं, आणि 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ब्राँझ घेतलं तेव्हा अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते, खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक तेव्हा कुठे मिळालं. मी तुला पदक आण म्हणत नाही, पण हा खेळ आपल्या मातीतल्या पोरांना जमतो एवढं डोक्यात असू दे.

आणखी एक, छर्रे शिशाचे असतात. रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, आणि रेंजवर बसून काही खायचं नाही. हे दादालाही दर वेळी सांगायला लागायचं.

तीन महिन्यांचे पैसे बाबा उद्या तुझ्या खात्यावर टाकतील. शूटिंगचे बूट आत्ता घेऊ नकोस, सपाट तळाचे साधे बूट घालून जा, जाड सोलचे ते नवे नको. दादाचं जुनं जॅकेट तुला खांद्यात मोठं होईल, तरी एकदा घालून बघ, मावशी शनिवारी पुण्याला येतीये तिच्याकडे देते.

तुझी,
आई