डोपामाइन, रमी आणि कंपवात

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'डोपामाइनचा उपवास' या विषयावरचा लेख वाचला. एक दिवस मोबाइल बाजूला ठेवावा, या सल्ल्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण डोपामाइन म्हणजे 'आनंदाचे रसायन', मोबाइलमुळे त्याचा साठा संपतो आणि उपवासाने पुन्हा भरतो, हे वाचून राहवले नाही. माझ्या यजमानांना कंपवात (पार्किन्सन्स) आहे. डोपामाइन कमी पडले की काय होते, ते आमच्या घरात रोज दिसते. हात थरथरतो, शर्टाचे बटण लागता लागत नाही, उंबऱ्याशी पाय अडून राहतात. हापूसची फोड मात्र ते आजही डोळे मिटून खातात आणि आंबा आंबट निघाला तर आणणाऱ्याचा उद्धारही करतात.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे खोदून वाचायची सवय आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी स्वित्झर्लंडमध्ये माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशींचे काम प्रत्यक्ष नोंदवले. ध्यानीमनी नसताना रसाचा थेंब मिळाला की त्या पेशी जोरात चेतत. मग रसाआधी दर वेळी खूण दाखवायला सुरुवात केली. माकडाला खूण कळली, तशा पेशी खुणेलाच चेतू लागल्या आणि रस मिळाल्यावर गप्प! रस तोच, गोडीही तीच. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर तो मिळायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही मंदावत. म्हणजे वाटले होते किती आणि मिळाले किती, यातला फरक त्या कळवतात आणि त्यावरून मेंदू शिकतो. संगणकाला शिकवण्यासाठी मांडलेल्या गणिताशी हे जुळते, असे शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवले.

हे पुस्तकी वाटेल, पण आम्हा शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या, फार कामाचे आहे. २००४ मध्ये मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना दोन चिन्हांतून एक निवडायचा खेळ दिला. डोपामाइन वाढवणाऱ्या गोळीचा अंमल असताना रुग्ण बरोबर ठरलेल्या निवडीतून जास्त शिकत. गोळी घेतलेली नसताना चुकलेल्या निवडीतून. कारण असे मांडले गेले, की औषधामुळे डोपामाइनची पातळी वरच राहते आणि अपेक्षाभंगाच्या वेळची ती घसरण नीट होत नाही. हरल्याचा धडा मेंदूपर्यंत पोचतच नाही.

आमचे डॉक्टर प्रामिपेक्सोल हे डोपामाइनसारखे काम करणारे औषध लिहून देताना यजमानांना सोडून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बाई, हे लॉटरी घेतात का? फोनवर रमी? उगाच खरेदी?" यजमानांना राग आला. आयुष्यात एक रुपयाचा पत्ता खेळला नाही, म्हणाले. पण प्रश्न अगदी रास्त होता. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गटातल्या औषधांनी काही रुग्णांना जुगाराचा नाद लागतो, ही नोंद झालेली गोष्ट आहे. अशा वेळी घरचे म्हणतात, म्हातारपणी बुद्धी फिरली. माणूस लाजेने बोलत नाही आणि डॉक्टरांना कुणी सांगत नाही.

जाता जाता एक. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये जगापुढे आणला. त्याच मुळीतले, मेंदूतला डोपामाइनचा साठा रिकामा करणारे रेसरपीन स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना दिले, तेव्हा ते निपचित पडले. एल-डोपा (म्हणजेच लेव्होडोपा, ज्यापासून मेंदूत डोपामाइन बनते) देताच हालचाल करू लागले. १९५७ सालची ही गोष्ट. आमच्याकडे गजर लावून जी लेव्होडोपाची गोळी दिली जाते, तिची वाट तिथून निघाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. उपवासाच्या लेखात हे दोन ओळींत तरी यायला हवे होते.

एक विनंती. या औषधांवर एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञाकडून लेख लिहून घ्यावा आणि त्यात हेही ठळक छापावे, की नाद लागल्याची शंका आली तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. कंपवाताचे औषध एकदम तोडले तर तीव्र ताप, अंग ताठरणे असे जिवावरचे दुखणे ओढवू शकते. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, हळूहळू.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, चिपळूण