वाढदिवस बालगृहात, चेहरे वर्तमानपत्रात

बालगृहातील मुलांसोबत वाढदिवस साजरा केल्याची बातमी आपल्या मराठवाडा पानावर सचित्र वाचली. हेतूबद्दल शंका नाही. आक्षेप छायाचित्राला आहे. त्यात मुलांचे चेहरे स्पष्ट दिसतात, खाली संस्थेचे नावही आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असे नाव, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

आपल्या भागातील बालगृहांत सगळीच मुले अनाथ नसतात. कोणाच्या शेतकरी वडिलांनी आत्महत्या केलेली असते, कोणाची आई ऊसतोडीला गेलेली असते. ही मुले गावातल्याच शाळेत जातात आणि दुसऱ्या दिवशी वर्गातली पोरे तोच फोटो दाखवून चिडवतात. देणगीदाराला 'फोटो नको' म्हणणे संस्थाचालकांना जड जाते, हेही खरे. म्हणून तर ही जबाबदारी पाहुण्यांची आणि वर्तमानपत्राची.

खरोखर वेळ द्यायचा असेल त्यांनी अधीक्षकांना विचारून ठरलेल्या वारी तासभर गणित किंवा इंग्रजी शिकवावे. दिवाळीत फराळाचे डबे उरतात. जानेवारीत, दहावीच्या उजळणीला मात्र माणूस मिळत नाही. अशा बातम्या यापुढे मुलांच्या छायाचित्राविना छापाव्यात, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई