काठीवरचा बुडबुडा राहू द्या

महोदय,

गळाची काठी हाताने बांधणाऱ्या नवशिक्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं, काठीवर कड्या बांधणाऱ्या दोऱ्यावरच्या इपॉक्सीच्या (घट्ट होणाऱ्या राळेच्या) लेपात अडकलेला बारीक बुडबुडा दिसला की लगेच ब्लेड हातात घेऊ नका. लेप खरवडताना खालच्या कार्बनच्या नळीवर ओरखडा उठला, तर मोठा मासा ओढताना काठी तिथेच मोडू शकते. दिसायला देखणी, पण कामातून गेलेली! माझ्या काठीला मुठीजवळ लेपाचा फुगवटा आहे. तो मी मुद्दाम तसाच ठेवलाय.

लेप फुटून दोरा उघडा पडला असेल, तर मात्र वरून एक पातळ हात द्यायलाच हवा, नाहीतर पाणी आत मुरतं. आणि ज्यांतून तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, जाते त्या कड्यांमधून कापूस फिरवून बघा. तंतू अडकले तर कडी चिरलेली असू शकते. अशी कडी तंगूस कापते, ती बदलाच.

– एक हौशी मासेमार