डावा कान, उजवा कान

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. पोचल्याचं कळव. नारळाच्या वड्या आधी संपव, टिकत नाहीत.

गाडी सुटताना फोन आला आणि तू तो डाव्या कानावरून उजव्या कानाला लावलास. मी त्यावर बोलले, तू चिडलीस. आता तो विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

माझं ऑपरेशन मंगळवारी. डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क कानाजवळ धरला तर गुणगुण जेमतेम कळली. कानामागच्या हाडावर टेकवला तर खणखणीत. म्हणजे आतली नस शाबूत आहे, अडलंय ते कानातल्या रिकिबीच्या आकाराच्या हाडात. जेमतेम 3 मिलिमीटरचं ते हाड, अंगातलं सगळ्यात लहान. त्याच्या बुडाशी नवं हाड वाढून ते गंजल्या कडीसारखं जखडलंय. वरचा भाग काढून बारीक दांडी बसवणार. हे 1956 पासून करतात, तेव्हा बाबांना म्हणावं, पारायणं नकोत.

आजीला आपण सोयीची बहिरी म्हणायचो. घरात चार हाका मारल्या तरी ओ नाही, आणि गिरणीत पट्टा धडधडत असताना 'काकू, बारीक की जाडसर?' बरोब्बर ऐकायची. ओटोस्क्लेरॉसिसमध्ये, म्हणजे माझ्या या आजारात, असंच होतं म्हणे. गोंगाटात समोरचा आवाज चढवतो आणि आपल्याला गोंगाट कमी पोचतो. मीही हसायचे तिला. तपासायला कुणी नेलं नाही, मीसुद्धा.

आजीकडून माझ्याकडे आलं. तुम्हा दोघांना तो दोष मिळायची शक्यता प्रत्येकी निम्मी, आणि मिळाला तरी पुष्कळांचं ऐकणं शेवटपर्यंत ठीक राहतं. तेव्हा तुला असेलच असं नाही. पण हल्ली फोनवर तू फार हळू बोलतेस गं. स्वतःचा आवाज आत मोठा घुमतो, म्हणून माणूस हळू बोलतो. माझं तसंच सुरू झालं होतं. विशी-तिशीतच धरतं हे. अर्ध्या तासाची ऑडिओमेट्री, आवाज आला की बटण दाबायचं, एवढ्याचा कसला कंटाळा? स्वतःकडे बघायला तुला कधी वेळच नसतो...

बघ, काढलाच विषय. चुकलं माझं.

सातवीत असताना तंबोऱ्याची तार केसभर उतरली की तू गाणं थांबवायचीस. बाई म्हणायच्या, हिचा कान जपा. तेच डोक्यात राहतं.

मंगळवारी रात्री बाबा फोन लावतील. डाव्या कानाला धर.

तुझी,
आई