अथेन्सच्या लोकशाहीला नववीत चार तासिका द्याव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्य मंडळाच्या शाळांत ग्रीक माणूस मुलांना दोनदा भेटतो: सहावीत सिकंदर म्हणून आणि दहावीच्या इतिहासलेखनाच्या पाठात हिरोडोटस म्हणून. ज्या समाजात सामान्य नागरिकांनी एकत्र येऊन निर्णय घ्यायचे, चिठ्ठी टाकून पदे वाटायची आणि बोलण्याचा वेळ पाण्याने मोजायचा, तो समाज, म्हणजे प्राचीन ग्रीकांचे अथेन्स हे नगरराज्य, मात्र मुलांसमोर येतच नाही. नव्या अभ्यासक्रमानुसार पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, म्हणून मुंबईत मराठी माध्यमात इतिहास शिकवणारे आम्ही काही शिक्षक हे पत्र लिहीत आहोत. मागणी एवढीच की नववीत अथेन्सला चार तासिका मिळाव्यात आणि तिथली व्यवस्था मुलांनी स्वतःच्या हाताने चालवून पाहावी. पस्तीस मिनिटांची तासिका, साठ मुलांचा वर्ग आणि बाक हलवायला जागा नाही, हे धरूनच पुढचे सगळे लिहिले आहे.

सुरुवात कालरेषेने करावी, कारण इसवी सनापूर्वीची वर्षे मुलांच्या डोक्यात हमखास उलटी बसतात. ग्रीक आणि इराणी यांच्यातली मॅरेथॉनची लढाई इ.स.पू. ४९० ची, सालामिसची ४८० ची. आकडा लहान म्हणून सालामिस आधी, असे बरीच मुले लिहितात. सव्वापाच मीटर सुतळी घ्यावी आणि एक सेंटिमीटरला पाच वर्षे धरावीत. इ.स.पू. ५०८ पासून आजपर्यंतचा काळ तीत मावतो. कपड्यांच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या लावाव्यात: ५०८ ला अथेन्सच्या लोकशाहीचा पाया घालणाऱ्या क्लाइस्थेनिसच्या सुधारणा, ३२७ ला सिकंदर भारताच्या वायव्य सीमेवर, इ.स. १६७४ ला शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक. पहिल्या दोन चिमट्यांत छत्तीस सेंटिमीटर अंतर पडते आणि सिकंदर किती उशिरा आला ते न सांगता दिसते. शून्य साल नसते हे मात्र सांगावेच लागते. मॅरेथॉनला अडीच हजार वर्षे पूर्ण झाली ती २०११ साली. मुले वजाबाकी करून २०१० काढतात.

तेव्हा ग्रीस नावाचे राज्यही नव्हते. भूमध्य आणि काळ्या समुद्राच्या काठाने हजाराहून अधिक नगरराज्ये पसरली होती. गाइडमध्ये ‘ग्रीक लोकशाही’ असे मोघम छापलेले असते, त्यात स्पार्टाही ओढला जातो. तिथे तर एकाच वेळी दोन राजे गादीवर असत आणि शेती कसणारे हेलट पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले होते. फळ्यावर ‘अथेन्स’ असेच लिहावे.

पहिल्या तासाच्या उरलेल्या वेळात साठ चिठ्ठ्या काढाव्यात. आठांवर ‘नागरिक पुरुष’, चोवीसांवर ‘नागरिकाच्या घरातली स्त्री किंवा मूल’, आठांवर ‘मेटिक’, म्हणजे अथेन्समध्ये राहणारे, कर भरणारे, पण नागरिक नसलेले लोक आणि त्यांची कुटुंबे, आणि विसांवर ‘गुलाम’. लोकसंख्येचे आकडे अंदाजाचे आहेत आणि अभ्यासकांत त्यावर वाद आहेत. वर्गापुरते हे प्रमाण चालते. चिठ्ठी देताना मुलगा-मुलगी पाहू नये. मुलींना थेट स्त्रियांच्या गटात बसवले की त्या आयत्याच गप्प होतात आणि मुलांना त्यात काही खटकत नाही. मुलाच्या हाती ती चिठ्ठी आली की ‘मला मत का नाही’ हा प्रश्न तोच विचारतो. मग सहल कुठे न्यायची अशा एखाद्या खऱ्या विषयावर मत घ्यावे. साठांत आठच हात वर जातात.

इथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे. गुलामांच्या बाजाराचे किंवा मालकाने हुकूम सोडण्याचे नाटक वर्गात कधीही करू नये. आपल्या वर्गांत अशी मुले बसलेली असतात ज्यांच्या घरात अपमानाच्या आठवणी फार जुन्या नाहीत, आणि बाकीच्यांचे हसणे त्यांना वर्षभर पुरते. गुलामाच्या चिठ्ठीचा अर्थ एवढाच ठेवावा: मत नाही, बोलण्याचा हक्क नाही. आपल्याकडच्या वगळण्याशी तुलना मुलांनी काढली तर ती थांबवू नये. तास संपण्यापूर्वी इ.स.पू. ४५१-४५० चा, अथेन्सचा नेता पेरिक्लिस याचा कायदा सांगावा: आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. लोकशाही ऐन भरात असताना तिचा दरवाजा अरुंद केला गेला, हे पाठ्यपुस्तकात यायलाच हवे.

दुसऱ्या तासाला दोन पुरावे पुरतात. पहिला हेगेसो या अथेन्समधल्या स्त्रीच्या थडग्यावरचा स्मृतिशिल्पपट, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरचा, आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात असलेला. प्रत्येक बाकावर त्याची एक छापील प्रत द्यावी. कोण बसले आहे, कोण उभे आहे, डबी कोणाच्या हातात आहे आणि नाव कोणाचे कोरले आहे, एवढेच विचारावे. उभ्या मुलीला मुले आधी बहीण किंवा लेक समजतात. लांब बाह्यांचा साधा अंगरखा आणि डोक्याला बांधलेले वस्त्र दाखवले की ती दासी आहे हे त्यांच्या लक्षात येते. वर कोरलेले आहे ‘प्रोक्सेनोसची हेगेसो’. दासीचे नाव नाही. आणि हेगेसोची ओळखही वडिलांच्या नावाने आहे, हे बहुतेक वेळा मुलीच दाखवून देतात.

दुसरा पुरावा एरेक्थिऑन या मंदिराच्या बांधकामाचा दगडावर कोरलेला हिशेब, इ.स.पू. ४०९ ते ४०७ च्या सुमाराचा. ज्यांचा दर्जा ठरवता येतो अशा ८६ कामगारांपैकी २४ नागरिक, ४२ मेटिक आणि २० गुलाम होते. मजुरी बहुतेकांना रोज एक द्राख्मा, गुलामालाही तेवढीच. ‘मग तो श्रीमंत व्हायचा का?’ हा प्रश्न येतोच. पैसे मालकाकडे जात, हे उत्तर मुलांना स्वतः शोधू द्यावे. एक द्राख्मा म्हणजे सहा ओबोल. न्यायालयातल्या पंचाला दिवसाला आधी दोन आणि इ.स.पू. ४२५ च्या सुमारापासून तीन ओबोल मिळत, म्हणजे कारागिराची अर्धी मजुरी. पंचगिरीला म्हातारी माणसे जास्त का येत असतील, याचा विचार मुले या हिशेबावरूनच करू लागतात.

तिसरा तास चिठ्ठीयंत्राचा. अथेन्समध्ये पंच आणि बहुतेक अधिकारी चिठ्ठीने निवडले जात. सेनापती मात्र मतदानाने, कारण तिथे अनुभव लागे. इ.स.पू. चौथ्या शतकात पंच निवडायला यंत्र होते. अशा दगडी यंत्राचा एक तुकडा अथेन्सच्या अगोरा, म्हणजे जुन्या बाजारचौकातल्या संग्रहालयात आहे. वर्गासाठी खोक्याचा जाड पुठ्ठा, ३० बाय ४५ सेंटिमीटरचा, घ्यावा. त्यात पाच स्तंभ आणि बारा ओळी अशा साठ खाचा कापाव्यात, प्रत्येक खाच अडीच सेंटिमीटर रुंद. दोन बाय सहा सेंटिमीटरच्या साठ पट्ट्यांवर मुलाचे नाव आणि अ, आ, इ, ई, उ यांपैकी एक अक्षर. अक्षर स्तंभ ठरवते. बाजूला उभी नळी चिकटवून तिच्यात वरून नरसाळ्याने बारा मणी ओतायचे, चार पांढरे आणि आठ काळे, नीट मिसळून. खालून आइस्क्रीमच्या काडीने एकेक मणी सोडायचा. पहिला मणी पहिल्या ओळीचा. पांढरा आला की ओळीतले पाचही जण पंच, काळा आला की पाचही घरी. बारा मण्यांत वीस पंच मिळतात. या तासापुरते सगळ्यांना नागरिक धरावे, नाहीतर यंत्राचे गणित दिसतच नाही.

बिघडते ते नळीपाशी. १२ मिलिमीटरच्या मण्यांना १५ मिलिमीटर पोकळीची नळी बरोबर होते. रुंद घेतली तर दोन मणी शेजारीशेजारी अडकतात आणि मुले हलवाहलवी करून निकाल बदलतात. नळी पारदर्शक असेल तर ती कागदाने झाकावी. दुसरी चूक गैरहजेरीच्या दिवशी होते. ‘इ’ स्तंभात दहाच पट्ट्या असतील तर मणीही दहाच टाकायचे, कारण सर्वांत तोकडा स्तंभ मोजणी ठरवतो. खालच्या ओळी त्या दिवसापुरत्या बाद. रिकामी खाच भरायला मुले दुसऱ्या स्तंभातली पट्टी उचलतात, ते करू देऊ नये. टोळकी फुटावीत म्हणूनच अक्षरे आहेत. कोणता पंच निघणार हे सकाळपर्यंत ठाऊक नसेल तर लाच द्यायची कोणाला, हा प्रश्न विचारून थांबावे.

याच तासाच्या शेवटी खापऱ्या. एखादा नेता फार बलवान होतो आहे असे वाटले तर त्याला दहा वर्षे शहराबाहेर पाठवायची पद्धत अथेन्समध्ये होती. आरोप नाही, खटला नाही. खापरीवर नाव कोरायचे. त्यासाठी ६००० खापऱ्या लागत आणि माणसाची मालमत्ता शाबूत राही. पहिला वापर इ.स.पू. ४८७ मध्ये झाला. फुटकी कुंडी किंवा तडकलेला माठ कुठेही मिळतो. धारावीचा कुंभारवाडा जवळ असलेल्या शाळांना शोधावेही लागत नाही. फोडण्याचे काम मोठ्यांनी, गोणपाटात गुंडाळून करावे आणि कडा काचपेपरने घासाव्यात. दोन इंची खिळ्याने नाव कोरता येते. रेघ पुसट असेल तर वरून खडूची पूड चोळावी. नावे अथेन्सच्या नेत्यांचीच द्यावीत: निओक्लिसचा मुलगा थेमिस्टोक्लिस, लायसिमाखसचा मुलगा अरिस्टायडिस. वर्गातल्या मुलांची नावे लिहू दिली की अर्ध्या तासात एका मुलाला वाळीत टाकले जाते. शिक्षकांनी वीसेक खापऱ्या फक्त दोन हस्ताक्षरांत आधीच कोरून ढिगात मिसळाव्यात आणि मोजणीच्या वेळी अक्षर ओळखायला सांगावे. १९३७ साली अथेन्सच्या अॅक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरच्या विहिरीत थेमिस्टोक्लिसच्या नावाच्या १९० खापऱ्या सापडल्या आणि त्या अवघ्या चौदा हातांनी कोरल्या होत्या. वाटण्यासाठी तयार ठेवलेल्या असाव्यात. नववीतल्या मुलाला यावर पुढे काही सांगावे लागत नाही.

चौथा तास वादाचा. सगळे सॉक्रेटिसचा खटला निवडतात. आमच्या मते मितिलिनी शहराबद्दलचा वाद अधिक चांगला विषय आहे. इ.स.पू. ४२७ मध्ये या बंडखोर शहरातले सगळे पुरुष मारावेत आणि बायका-मुलांना गुलाम करावे असा ठराव अथेन्सच्या सभेने केला, हुकूम घेऊन जहाजही निघाले. दुसऱ्या दिवशी लोकांना पस्तावा झाला, सभा पुन्हा भरली. क्लिऑन म्हणाला ठराव बदलू नका, डायोडोटस म्हणाला बदला. डायोडोटसने दयेची याचना केली नाही. सगळ्यांना मारल्याने अथेन्सचाच तोटा कसा आहे ते मांडले. थोडक्या मतांनी ठराव फिरला आणि मागून निघालेले जहाज वेळेवर पोचले. तरी बंडाच्या पुढाऱ्यांना मृत्युदंड झालाच, हेही सांगावे. मत दोनदा घ्यावे, भाषणांआधी आणि नंतर, हात वर करून. सभेत पद्धत तीच होती.

वेळ पाण्याने मोजावा. हे घड्याळ न्यायालयातले, सभेत ते आणणे ही वर्गापुरती सवलत आहे, असे मुलांना स्पष्ट सांगावे. अगोरात सापडलेल्या मातीच्या घड्याळात सुमारे ६.४ लिटर पाणी मावते आणि ते सहा मिनिटांत रिकामे होते. एक लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ चार मिलिमीटरचे भोक पाडले की साधारण दोन मिनिटे मिळतात. आधी मोबाइलच्या घड्याळाशी ताडून घ्यावे. झाकण उघडे हवे, नाहीतर धार थांबते. बाटलीवर समान अंतराच्या रेघा मारून ‘अर्धा वेळ’ ठरवणे चुकीचे, कारण पाणी उतरते तसा दाब कमी होतो आणि शेवटच्या पाव उंचीला निम्मा वेळ लागतो. विज्ञानाच्या शिक्षकांना या तासाला आवर्जून बोलवावे. कागदपत्र वाचले जात असताना अथेन्समध्ये पाणी अडवून धरत. वर्गात भोकावर बोट ठेवले की झाले.

मुंबईच्या मुलांसाठी थोडी भर. पेरिप्लस या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविक वर्णनात सोपारा आणि कल्याण ही बंदरे आहेत, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवन (ग्रीकांसाठी वापरला जाणारा शब्द) दात्यांचे लेख आहेत. सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या लेखाचा तुकडा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात पाहता येतो. त्याच लेखमालेतल्या तेराव्या लेखात ग्रीक राजांची नावे येतात. हे दाखवावे, पण सुतळीवर त्याची जागाही दाखवावी. पेरिक्लिसच्या अथेन्सपासून पेरिप्लसपर्यंत जवळपास पाचशे वर्षे आहेत आणि लेखांतला प्रत्येक ‘यवन’ ग्रीसमधून आला होता असे म्हणता येत नाही.

पाठ्यपुस्तक मंडळाकडे मागणी अशी की हेगेसोचे ठळक छायाचित्र, एरेक्थिऑनच्या हिशेबाचा तक्ता आणि चिठ्ठीयंत्राचे मापांसह रेखाचित्र ही तीन पाने पुस्तकात असावीत, पुठ्ठा कापण्याचा नमुना शिक्षक हस्तपुस्तिकेत. परीक्षेत ‘टिपा लिहा: अथेन्सची लोकशाही’ असा प्रश्न ठेवला तर चारही तासिका वाया जातील, कारण मुले गाइडमधल्या सहा ओळी पाठ करतील. त्याऐवजी न पाहिलेल्या खापरीचे किंवा शिल्पपटाचे चित्र द्यावे आणि चार गुण असे वाटावेत: काय दिसते त्याला एक, त्यावरून काय अनुमान निघते त्याला दोन, आणि या पुराव्यातून काय कळू शकत नाही त्याला एक.

आपले,
इतिहास विषयाचे काही शिक्षक,
मुंबई