राणी माहेरी निघून गेली तेव्हा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन रोजच होतो, पण फोनवर आई मला मध्येच तोडते आणि बाबा "बरं, ठेवू?" म्हणतात. म्हणून हा कागद.

आई, गेल्या जानेवारीत तू स्टॉकहोमला तीन महिन्यांसाठी आलीस आणि पाचव्या आठवड्यात तिकीट बदलून परत गेलीस. मी रुसले होते. पण सध्या इथल्या एका राणीबद्दल वाचतेय, आणि तिच्या जागी सारखी तूच दिसतेस.

देझिरे क्लारी. फ्रान्समधल्या मार्से शहरातल्या रेशीम व्यापाऱ्याची मुलगी, जन्म 1777. नेपोलियनशी तिचं लग्न ठरलं होतं. ते मोडून त्याने 1796 मध्ये जोसेफिनशी केलं. हिने दोन वर्षांनी बेर्नादोत नावाच्या फ्रेंच सेनापतीशी लग्न केलं. इकडे स्वीडनच्या म्हाताऱ्या राजाला वारस नव्हता. 1810 मध्ये संसदेने या परक्या सेनापतीला युवराज निवडलं आणि राजाने त्याला रीतसर दत्तक घेतलं. बाबा, दत्तक मुलाचं वय सत्तेचाळीस!

देझिरे इथे पोचली ती 1811 च्या जानेवारीत. तुझाच महिना. बर्फ, काळोख, आणि व्यापाऱ्याची पोर म्हणून नाकं मुरडणारा दरबार. उन्हाळ्यात ती पॅरिसला निघून गेली ती थेट 1823 मध्ये परतली. बारा वर्षं! मधे 1818 मध्ये नवरा राजा झाला, तरी ही तिकडेच, 'गॉटलंडची काउंटेस' या नावाने. नवरा गादीवर, बायको माहेरी. मुलगा ऑस्कर मात्र स्वीडनमध्येच राहिला. ती गेली तेव्हा त्याला बारावं चालू होतं. आली तेव्हा तो लग्नाचा झाला होता. तिच्यावर रागवावं की तिची कीव करावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

परतताना ती ऑस्करची वधू घेऊन आली. कोण? नेपोलियनच्या जोसेफिनची नात. नावही जोसेफिनच! आपल्याकडच्या मालिकेतही हे कुणाला पटलं नसतं.

मग ती राहिली. 1829 मध्ये राज्याभिषेक झाला. स्वीडिश शेवटपर्यंत धड आली नाही. रात्री-अपरात्री बग्गी काढून शहरात फिरायची. पंचाहत्तरीत पॅरिसला जायला निघाली, कार्ल्सक्रोना बंदरापर्यंत गेली, आणि समुद्राच्या भीतीने मागे फिरली. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. 1860 च्या डिसेंबरात, वारली त्या दिवशीही ती ऑपेराला पोचली होती. खेळ संपल्यावर.

आई, आता माझा रुसवा गेलाय. जूनमध्ये रात्री दहालाही इथे उजेड असतो. बाबा, या खेपेला तुम्हीही या, गुडघ्याचं कारण चालणार नाही. घराला लिफ्ट आहे. तुझी करड्या रंगाची शाल इथेच राहिलीय. पाठवू, की न्यायला येतेस?

तुमची,
छकुली